विटेवरचं शहर



वीट म्हटली की मराठी मन आधी पंढरपूरला जातं. आजची वीट मात्र बाबेलची आहे. इसवी सनपूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सरनं यरुशलेमचा राजा, सरदार, कारागीर असे हजारो लोक उचलून बाबेलला नेले. त्यांत यहेज्केल नावाचा एक याजक होता. खबार नदीकाठच्या बंदिवानांच्या वस्तीत राहणाऱ्या या माणसानं एक दिवस मातीची वीट घेतली आणि तिच्यावर यरुशलेमचं चित्र कोरलं. भोवती वेढा मांडला: मोर्चे, छावण्या, तटाला धडका देणारी यंत्रं. मग घरातला लोखंडी तवा आणून तो स्वतःच्या आणि त्या शहराच्या मध्ये भिंतीसारखा उभा केला. दिवाळीत आपल्याकडे मुलं किल्ला करतात ना, अगदी तसं. फक्त इथे किल्ला करणारा याजकाचा मुलगा होता, वय तिशीचं, आणि त्याच्या किल्ल्यावर मावळे नव्हते.

पुढचं आणखी विचित्र आहे. यहेज्केल ३९० दिवस डाव्या कुशीवर निजला आणि मग ४० दिवस उजव्या. एक दिवस म्हणजे लोकांच्या पापाचं एक वर्ष, असा हिशोब. गहू, जव, कडधान्यं, मसूर, बाजरीसारखं भरड धान्य, सगळं एकाच भांड्यात घालून त्याची भाकर. आपल्या थालीपिठाची भाजणीच म्हणा, पण चवीसाठी नव्हे. वेढ्यातल्या शहरात कुठलंच धान्य पुरेसं उरत नाही, म्हणून मिळेल ते एकत्र करायचं. रोजचं माप वीस शेकेल, म्हणजे पाव किलोच्या आतच. पाणी अर्धा-पाऊण लिटर.

आणि ही भाकर माणसाच्या विष्ठेवर भाजायची, अशी आज्ञा झाली. चारशे तीस दिवस कुशीवर पडून राहायला ज्यानं एका शब्दानं कुरकुर केली नव्हती, तो इथे अडला. लहानपणापासून आपण कधी काही अशुद्ध तोंडात घातलं नाही, असं त्यानं परमेश्वराला सांगितलं. सोवळं-ओवळं याजकाच्या हाडात मुरलेलं असतं. त्यावर परमेश्वरानं सवलत दिली: ठीक, गाईचं शेण चालेल. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या आज्यांनी आयुष्यभर गोवऱ्यांवरच भाकरी भाजल्या आहेत. त्यांना ही सवलत ऐकून हसूच येईल. पण संदेष्टा म्हणजे हुकमाचा ताबेदार बाहुला, अशी समजूत असेल तर ती या प्रसंगात मोडते. तो घासाघीस करतो आणि त्याचं ऐकलंही जातं.

यहेज्केल एकटा नव्हता. अश्शूरच्या सैन्यानं अश्दोद घेतलं त्या सुमारास यशया तीन वर्षं उघडा आणि अनवाणी फिरला. मिसरावर भरवसा ठेवणाऱ्यांना त्याला दाखवायचं होतं, की ज्यांच्या जोरावर तुम्ही उड्या मारताय ते असेच कैदी होऊन चालत जाणार आहेत. यिर्मयानं तागाचा नवा कमरपट्टा खडकाच्या कपारीत पुरला आणि कुजल्यावर उकरून काढला. आमोस तर धंद्यानं संदेष्टा नव्हताच. गुरं राखणारा, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा हा माणूस बेथेलच्या राजमंदिरात जाऊन बोलला आणि तिथल्या याजकानं त्याला तुझ्या गावी जाऊन पोट भर म्हणून सुनावलं.

या सगळ्यांनी वापरलेल्या वस्तू पाहा: तवा, वीट, मडकं, कमरपट्टा, स्वतःचे केस. यहेज्केलानं तलवारीनं डोकं-दाढी भादरली आणि केस तराजूत तोलून तीन वाटे केले. राजवाड्यातलं यात काहीच नाही. ऐकणाऱ्यानं घरी जाऊन तवा चुलीवर ठेवला की ती वीट आठवावी, इतकं हे जवळचं होतं. शिवाय प्रत्येक कृती एकाच संदेशाच्या मापाची शिवलेली. यशयाचं उघडेपण यहेज्केलाला चाललं नसतं आणि यहेज्केलाचा तवा यशयाला काही कामाचा नव्हता.

आता एक अडचण. असं नाट्य खोट्या संदेष्ट्यांनाही छान जमत होतं. अहाब राजा रामोथ-गिलादवर चढाई करायला निघाला तेव्हा सुमारे चारशे संदेष्टे एका सुरात विजय सांगत होते. त्यांतल्या सिद्कीयानं लोखंडी शिंगं करून आणली: राजा या शिंगांनी शत्रूला ढुसण्या देणार! दृश्य झकास. एकटा मीखाया उलट बोलला. सिद्कीयानं त्याला थोबाडीत मारली आणि राजानं त्याला भाकर-पाण्यावर तुरुंगात टाकलं. अहाब त्याच लढाईत मेला, तोही कुणीतरी सहज सोडलेल्या बाणानं.

यिर्मयाचीही अशीच एक गाठ पडली. बाबेलचं जू मान्य करा, हे सांगायला तो खांद्यावर लाकडी जू घेऊन फिरत होता. हनन्या नावाच्या संदेष्ट्यानं भर मंदिरात ते जू ओढून मोडलं आणि दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं जाहीर केलं. पाहणाऱ्यांना कुणाचा प्रयोग आवडला असेल, हे सांगायला नको. यिर्मयानं तिथे भांडण केलं नाही. तसं झालं तर बरंच, अशा अर्थाचं काही बोलून तो निघून गेला. निरोप नंतर आला: लाकडाचं मोडलंत, आता लोखंडाचं येईल.

मग खरा विक्षिप्तपणा ओळखायचा कसा? शिंगं करणाऱ्याला शिंगांची किंमत मोजावी लागली नाही, जू मोडणाऱ्याला टाळ्या मिळाल्या. किंमत मोजली ती मीखायानं आणि यिर्मयानं. ही कसोटी पुरेशी नाही, पण सुरुवातीला बरी आहे. तिच्यातही एक बोच आहे. कधी कधी बिल भलत्याच्याच नावावर फाटतं. होशेयनं मुलीचं नाव ठेवलं लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया नाही ती, आणि मुलाचं लो-अम्मी, म्हणजे माझे लोक नव्हेत. प्रवचनाला ही नावं प्रभावी आहेत. पण त्या पोरांना शेजारच्या अंगणात खेळायला हाका कशा मारत असतील, याचा विचार शास्त्राच्या वर्गात क्वचितच होतो.

नारायण वामन टिळकांची गोष्ट याच ठिकाणी आठवते. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नगरला त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आणलं. नगरच्या मंडळ्यांत कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी कीर्तन आधीच रुजवलं होतं. त्याआधीही, १६१६ मध्ये गोव्यात राचोलला, फादर थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं गेलं होतं. तेव्हा टिळक काही पहिले नव्हेत. पण १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी व्हायचं ठरवलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मिशनच्या चौकटीत हे बसणारं नव्हतं. दोन वर्षांत टिळक गेले, दरबार फार पसरला नाही. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. हसू येतं आणि मग घशात काहीतरी अडकतं. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे नेलं तेही लक्ष्मीबाईंनीच. सेवाकार्यात नवं काही करायला निघालेल्या प्रत्येकानं टिळक वाचावेत, आणि त्याच्या घरच्यांनी लक्ष्मीबाई.

मुंबईनं आणखी एक तमाशा पाहिला. सप्टेंबर १८८२ मध्ये सॅल्व्हेशन आर्मीची चार माणसं बंदरावर उतरली. म्होरक्या होता फ्रेडरिक टकर, पूर्वाश्रमीचा ब्रिटिश सरकारचा सनदी अधिकारी. ही मंडळी भगव्या कपड्यांत वाजतगाजत रस्त्यावर मिरवणूक काढू लागली. साहेबानं असं करणं म्हणजे साहेबांच्या अब्रूला बट्टा. अटका झाल्या, टकरना तुरुंगही झाला. त्यांनी फकीरसिंग असं नावही घेतलं होतं. आज त्यातलं काय खरं मिसळणं होतं आणि काय सोंग होतं, यावर वाद घालता येईल आणि घालावाही. पण ज्यानं सरकारी नोकरी सोडून कोठडी पत्करली, त्याला निदान शिंगंवाल्या सिद्कीयाच्या रांगेत बसवता येत नाही.

नवं करताना आणखी एक धोका यहेज्केलाच्याच पुस्तकात आहे. काही काळानं लोक त्याच्याविषयी दारादारांत, भिंतींच्या आडोशाला बोलू लागले. चला, आज काय म्हणतोय ते ऐकू! गोड गळ्याचा गवई ऐकावा तसे ते येऊन बसत, ऐकत आणि घरी जाऊन होतं तेच करत. गर्दी जमली, म्हणून प्रयोग फसला. गिटार, ड्रम, प्रोजेक्टर, रील, पथनाट्य, सगळं मंडळ्यांत आलंय आणि येऊ द्यावं. पण पहिल्या सहा महिन्यांत खुर्च्या भरल्या म्हणून हुरळणाऱ्या तरुण पाळकानं त्या पुस्तकाचा तेहतिसावा अध्याय एकदा उघडावा.

आणि सर्वांत साधा नवा प्रयोग कुठला? यरुशलेमला वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचं शेत घे. शत्रूच्या ताब्यातल्या जमिनीचा भाव काय असेल? तरी यिर्मयानं सतरा शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदार केले, खरेदीखताच्या दोन्ही प्रती बारूखाकडून मातीच्या भांड्यात ठेवून घेतल्या. टिकाव्यात म्हणून. उघडं फिरणं नाही, कुशीवर निजणं नाही. सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायचा प्रकार. शहर पडणार असं वर्षानुवर्षं सांगणारा माणूस ते पडायच्या बेतात असताना जमीन घेतो, हे पाहून चौकातले शिपाई एकमेकांकडे बघून हसले असतील.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी यिर्मयाच्या मडक्याची नाटिका आहे. मडकं खरंखुरं आणलंय, असं कळलं. मूळ प्रसंगात ते फोडताना यिर्मयानं बरोबर वडीलधारी मंडळी आणि याजक नेले होते. तेव्हा फोडण्याआधी पहिल्या रांगेतल्या लहान मुलांना मागं घ्या आणि तिथे पाळकांना बसवा.