सगळे हसले की आपणही हसायचं

मी डहाणूजवळच्या नरपडचा. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. पण आज कोडिंग नाही, आज माझ्या धाकट्या भावाबद्दल बोलायचंय. तो नववीत आहे, नेहमीच्या शाळेत जातो आणि त्याला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्न म्हणतात, पण तो शब्द मला पटत नाही. त्याला माणसांत यायचं असतं, कसं यायचं ते कळत नाही.

तर झालं काय, मागच्या वर्षी मधल्या सुट्टीत तो एकटाच बसायचा. मला वाटलं, हा तर लॉजिकचा प्रॉब्लेम! वहीत नियम लिहून दिले. एक, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. दोन, मध्येच बोलायचं नाही. तीन, सगळे हसले की आपणही हसायचं.

आठवड्याभराने तो खुशीत घरी आला. "दादा, आज मी तिसरा नियम पाळला!" कशावर हसलात, विचारलं. तर पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करत होती. सगळे हसले, म्हणून हाही हसला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक त्याची नव्हतीच, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची होती.

मग वाचायला लागलो. अमेरिकेत एलिझाबेथ लॉगसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी अशा किशोरवयीन मुलांसाठी 'पीअर्स' नावाचा कार्यक्रम तयार केला. त्यात मोठ्यांना जे योग्य वाटतं ते शिकवत नाहीत. त्या वयाची मुलं खरंच जे करतात, ते शिकवतात. आपण म्हणतो, चिडवलं तर लक्ष देऊ नको. पण मुलं छोटंसं उत्तर देतात आणि बाजूला होतात. आम्ही घरी सराव केला: "बरं, मग?" एवढंच बोलायचं आणि निघायचं. घोळक्यात शिरायचं तर आधी ऐकायचं, विषय समजून घ्यायचा, बोलणं थांबलं की त्याच विषयावर एक वाक्य टाकायचं. डोळ्यांत बघायचा नियम मी खोडून टाकला. त्याला त्रास व्हायचा.

पण अर्धं काम बाकीच होतं. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक. 2012 मध्ये त्यांनी मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. त्याला आपण कळत नाही, तसा आपल्यालाही तो कळत नाही. मग शिकायचं फक्त त्यानेच का?

आपल्या डहाणू तालुक्याला हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली. पोरांना दोष दिला नाही. आणि आता तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. त्यात ऑटिझमचं नाव आहे, सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर आहे.

मी वर्गातल्या दोघांशी बोललो, भावाला विचारूनच. सांगितलं, त्याला टोमणे कळत नाहीत, सरळ बोला. आणि हो, त्याला भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असतात. दोघांचे कान टवकारले. आमच्याकडे क्रिकेट किनाऱ्यावर, ओल्या घट्ट वाळूत. ओहोटी नसेल तर पिचच नाही!

आता शनिवारी त्याला फोन येतो, "उद्या किती वाजता?" ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हा हिशोब करून सांगतो. कधी खेळतो, कधी सुरूच्या झाडाखाली नुसता बसतो. शाळेत अजूनही काही दिवस एकटा डबा खातो. पण परवा म्हणाला, "आज मला एकट्यालाच बसायचं होतं." बसावं लागणं आणि बसायचं असणं, यातला फरक त्यानेच मला शिकवला.

तुमच्या वर्गात असं कुणी होतं का? त्याच्यावर हसणाऱ्यांत तुम्ही होतात का? मी होतो, माझ्या शाळेत. म्हणूनच हा भाग केला. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या!