फिल्टर बदलला आणि दिवा लागला : चेक इंजिन लाईट आली तर काय करायचं?

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे, अडखळणं तेवढं काढलं आहे.)

सोलापुरातून बोलतोय. बाहेर ऊन इतकं आहे की रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद केला आणि पाच मिनिटांत घाम फुटला. त्यामुळे पाल्हाळ न लावता मुद्द्यावर येतो.

आजचा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय. ‘दादा, गाडीला कोन फिल्टर बसवला, नवीन इनटेक पाइप टाकला. आवाज भारी येतोय, पण मीटरवर पिवळा इंजिनचा दिवा लागलाय. मिस्त्री म्हणतो, फिल्टर बदलला की लागतोच, सोडून दे. काय करू?’

उत्तर आधीच देतो. सोडून देऊ नका. का, ते माझ्याच गाडीवरून सांगतो. आधी माझी चूक ऐका, मग उपाय.

माझी चूक

माझी पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचा काळा एअर फिल्टरचा डबा काढला, त्याजागी ॲल्युमिनियमचा पाइप आणि तोंडाला उघडा कोन फिल्टर. बसवून बाहेर पडलो, पहिले दोन दिवस नुसता आवाज ऐकत होटगी रोडला चकरा मारल्या. तिसऱ्या दिवशी दिवा लागला. ज्याने बसवून दिलं त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘फिल्टरमुळे आहे ते, काय होत नाही बे.’ आपल्यालाही तेच ऐकायचं होतं. ऐकलं आणि गप्प बसलो. तीन महिने तो दिवा पेटलेलाच. नंतर नंतर तर दिसायचाही बंद झाला. घरातल्या भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ असतं ना, तसं.

मग एक दिवस आईला तपासणीसाठी पुण्याला घेऊन निघालो. मोहोळ मागे पडलं आणि गाडी थरथरायला लागली. बघतो तर दिवा आता मिचमिचत होता. मला वाटलं, तोच तो, फिल्टरवाला. तसाच दामटत राहिलो. टेंभुर्णीच्या अलीकडे गाडीने मान टाकली. आई मागच्या सीटवर, बाहेर ऊन, आणि डॉक्टरांची वेळ निघून चाललेली. शेवटी ओळखीच्या एकाची गाडी बोलावून आईला पुढे पाठवलं आणि माझी गाडी टो करून परत सोलापूरला आणली.

निघालं काय? एका सिलिंडरची इग्निशन कॉइल गेली होती. कॉइल ही काही फार महागडी वस्तू नाही. पण त्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जात राहिलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळलं आणि त्यातली जाळी वितळली. खर्च कॉइलचा नाही झाला, कन्व्हर्टरचा झाला.

आता नीट ऐका. कॉइलचा आणि फिल्टरचा काही संबंध नव्हता. पण दिवा एकच आहे. तो आधीपासून एका कारणासाठी पेटलेला असेल, तर दुसरं कारण आलेलं तुम्हाला कळत नाही. मिचमिचणं हा वेगळा इशारा होता, पण मी दिव्याकडे बघणंच सोडलं होतं. मूळ बिघाड किरकोळ होता. महागात पडली ती सवय.

म्हणून पहिला नियम. दिवा स्थिर पेटला असेल तर गाडी हळू चालवत घरी जा आणि दोन-चार दिवसांत तपासा. दिवा मिचमिचत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. मिचमिचणं म्हणजे मिसफायर, म्हणजे कन्व्हर्टर जळायला लागलाय.

दिवा लागतो कशाने?

इंजिनला पेट्रोल जाळायला हवा लागते. शुद्ध पेट्रोल असेल तर साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने. हवा किती आली हे ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, सांगतो मास एअर फ्लो सेन्सर. आपण त्याला मॅफ म्हणू. त्यात एक बारीक तापलेली तार किंवा पट्टी असते. हवा तिला गार करते. तिला गरम ठेवायला किती करंट लागतो, त्यावरून हवा मोजली जाते.

मॅफ म्हणजे पूर्वीचा जकात नाका समजा. गावात येणारा माल नाक्यावर मोजला जातो आणि त्या हिशेबाने पुढचं सगळं ठरतं. कुणी आडवाटेने माल आत आणला तर वहीत नोंद नाही, पण माल गावात आहे. इंजिनचं तसंच. मॅफच्या पुढे कुठून तरी हवा आत शिरली तर ती मोजलेली नसते. ईसीयू मोजलेल्या हवेपुरतंच पेट्रोल देतो. मिश्रण पातळ होतं. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर ते पकडतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवायला लागतो. या वाढवण्या-कमी करण्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. पाच टक्के इकडे-तिकडे हे रोजचंच. वीस-पंचवीसच्या आसपास गेलं की ईसीयू हात टेकतो आणि दिवा लावतो. कोड येतो पी ०१७१, मिश्रण पातळ.

इनटेक बदलल्यावर नेमकं काय बिघडतं?

एक, सांधे. नवीन पाइपचा रबरी सांधा नीट बसलेला नसतो, क्लॅम्प सैल असतो.

दोन, ब्रीदरची नळी. माझ्या गाडीत दिव्याचं खरं कारण हेच निघालं. इंजिनच्या झाकणातून एक नळी मूळ इनटेक पाइपला जोडलेली असते, मॅफच्या पुढे. नव्या पाइपला तिच्यासाठी तोंडच नव्हतं. बसवणाऱ्याने नळी काढली आणि झाकणावर अंगठ्याएवढा छोटा फिल्टर खोचून दिला. दिसायला छान. पण तिथून न मोजलेली हवा क्रँककेसमधून पीसीव्ही व्हॉल्व्हवाटे थेट मॅनिफोल्डमध्ये जात होती.

तीन, पाइपचा व्यास. मॅफचा हिशेब कंपनीच्या पाइपवर बसवलेला असतो. तो सेन्सर काढून मोठ्या पाइपमध्ये लावला की हिशेब चुकतो. मूळ पाइप ६० मिलिमीटरचा आणि नवा ७० चा धरा. क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढलं. तेवढीच हवा आता सव्वीस-सत्तावीस टक्के कमी वेगाने जाणार आणि मॅफ तेवढी कमी सांगणार. एकही सांधा गळत नसताना दिवा लागेल.

चार, तेल. कापडी फिल्टर धुऊन पुन्हा तेल लावावं लागतं. आपण प्रेमाने जास्त लावतो. ते तेल उडून मॅफच्या तारेवर बसतं, त्यावर धूळ चिकटते.

पाच, साधा निष्काळजीपणा. सेन्सरचा प्लग अर्धवट बसलेला किंवा सेन्सर उलटा लावलेला. त्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो बघा. प्लग राहिला असेल तर कोड पी ०१०२ किंवा हवेच्या तापमानाचा पी ०११३ येतो.

तपासायचं कसं?

आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि मोबाईलवर ॲप टाका.

कोड वाचा आणि लिहून ठेवा. लगेच पुसू नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, किती गरम होतं याची नोंद. पुसलं की तीही जाते. कोड पुसणं म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटर झटकणं.

मग इंजिन पूर्ण गरम करा आणि दीर्घकालीन ट्रिमचा आकडा दोनदा बघा. एकदा आयडलला, एकदा २५०० आरपीएमला.

आयडलला आकडा मोठा आणि २५०० ला खाली आला, तर मॅनिफोल्डकडची गळती शोधा. ब्रीदर, पीसीव्ही, बारीक व्हॅक्यूम नळ्या. माझ्याकडे असंच होतं.

दोन्हीकडे मोठा राहिला किंवा वेगाबरोबर वाढत गेला, तर मॅफ कमी मोजतोय किंवा मॅफच्या पुढचा मोठा सांधा गळतोय.

गळती शोधायला काही जण उदबत्तीचा धूर धरतात, काही कार्ब क्लीनर फवारतात. गरम इंजिन, पेट्रोलची वाफ आणि विस्तव, हे गणित मला पटत नाही. साधा पाण्याचा बारीक फवारा सांध्यावर मारा, वायरिंग आणि प्लग सांभाळून. इंजिनचा सूर बदलला तर गळती तिथेच. मोठ्या गॅरेजात स्मोक मशीन असतं, ते सगळ्यात उत्तम.

मॅफ साफ करायचा तर फक्त मॅफ क्लीनरने, आणि बाहेरूनच. कापड नको, बोट नको, ब्रेक क्लीनर तर नकोच. पूर्ण वाळला की मगच लावा.

आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात पक्की परीक्षा म्हणजे जुना डबा परत बसवा. तीन-चार दिवस चालवा. ट्रिम जागेवर आला तर दोष नव्या इनटेकचा. नाही आला तर दोष दुसराच आहे आणि तुम्ही उगाच फिल्टरला शिव्या देताय. दुरुस्ती नीट झाली असेल तर सलग तीन चांगल्या ड्राइव्ह सायकलनंतर दिवा आपोआप जातो.

दोन अपवाद

काही पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतो, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे थ्रॉटलच्या अलीकडचा सांधा गळला तरी मिश्रण पातळ होत नाही. धूळ मात्र आत जाते. त्यामुळे ‘माझा दिवा लागला नाही, म्हणजे सगळं ठीक’ असं समजू नका.

टर्बो डिझेलमध्ये टर्बोच्या पुढचा पाइप सुटला तर मोजलेली हवाच बाहेर जाते. गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते, कोड पी ०२९९.

आणखी एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, आपल्याला इथेनॉल काही नवीन नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून ई-१० च्या हिशेबाने बनलेल्या गाडीत ट्रिम तीन-चार टक्क्यांनी वर दिसू शकतो. तेवढ्याने दिवा लागत नाही. पण आधीच काठावर असलेल्या गाडीला तेवढंही पुरतं.

सोलापुरात हे करावं का?

आता कडू बोलतो. उघडा फिल्टर बॉनेटच्या आत बसतो. मे महिन्यात बाहेर ४०, बॉनेटखाली सिग्नलला ६० अंश सहज. २० अंशांच्या फरकाने हवा सहा टक्क्यांनी विरळ होते. कंपनीचा डबा पुढच्या ग्रिलमागून बाहेरची हवा घेतो. म्हणजे ताकद वाढावी म्हणून पैसे मोजून आपण गरम हवा विकत घेतो. वाढतो तो आवाज, आणि तो ऐकून आपल्याला वाटतं गाडी पळतीय.

दुसरं, धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ, रस्त्यांची कामं, आणि यंत्रमागांच्या भागात कापसाचे तंतू. कंपनीचा कागदी फिल्टर ही बारीक धूळ जास्त चांगली अडवतो. जी आत जाते ती पिस्टनच्या रिंगा घासते, आणि त्याचा दिवा लागत नाही. तेल खायला लागल्यावरच कळतं.

तिसरं, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काही बसवण्याआधी आरटीओत विचारा, वॉरंटीचे कागद वाचा.

मी काय केलं? जुना डबा परत बसवला, ब्रीदरची नळी जागेवर लावली. नशीब, डबा माळ्यावर होता, भंगारात दिला नव्हता. तिसऱ्या दिवशी दिवा गेला. त्यानंतर आईला पुण्याला नेलं. गाडीत बसताना तिने आधी मीटरकडे बघितलं आणि विचारलं, ‘तो पिवळा दिवा गेला का रे?’ तीन महिने तिला दिसत होता, मंडळी. मलाच दिसत नव्हता.

तर कुणाला हौस असेलच, तर करा. पण जुना डबा जपून ठेवा, ब्रीदरची नळी कुठे जातीय ते बसवणाऱ्याला तोंडावर विचारा आणि बसवण्याआधी ट्रिमचे आकडे लिहून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येईल. आणि दिवा लागला तर कारण सापडेपर्यंत त्याची सवय लावून घेऊ नका.

प्रश्न पाठवताना नुसतं ‘दिवा लागलाय’ लिहू नका. कोड, आयडलचा ट्रिम आणि २५०० चा ट्रिम, एवढे तीन आकडे पाठवा. निम्मं उत्तर त्यातच असतं. भेटू पुढच्या भागात. गाडी सावलीत लावा, पाणी प्या.