बारावीतल्या मला सांगायच्या गोष्टी

(चाकण परिसरातील बारावीच्या मुली आणि त्यांच्या आया यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संघटनेच्या मैत्रिणींनी मला सांगितलं की उपदेश करू नका. बारावीत असताना तुम्हाला जे कुणीच सांगितलं नाही ते सांगा, जणू त्या वेळच्या स्वतःशीच बोलताय असं. मला हे पटलं. कारण मोठ्या बायका तरुण मुलींशी बोलायला लागल्या की दोन मिनिटांत 'आमच्या वेळी असं नव्हतं' सुरू होतं. स्वतःशी बोलताना तशी सोय नाही.

मी १९९६ साली बारावी झाले. आमचं गाव चाकणजवळच. तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्गाचा पडका तट. पिंपरीकडे कारखाने कधीचेच आले होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून, टेल्को आणि बजाज साठच्या दशकापासून. आमच्याकडे वसाहतीसाठी जमिनी घेण्याच्या गोष्टी चालू होत्या. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ साली सुरू झाला, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज २००९ मध्ये आल्या. म्हणजे मी कॉलेजला निघाले तेव्हा भोवतालचं सगळं जग बदलायच्या बेतात होतं. त्या बदलात मुलीची जागा काय, हे मात्र घरात कुणी विचारत नव्हतं.

भावाने कुठला कोर्स करायचा यावर आमच्या ओट्यावर महिनाभर चर्चा झाली. चुलते आले, मामा आले, मास्तरांना बोलावून विचारलं. माझ्याबद्दलची चर्चा एका प्रश्नात आटोपली : एसटी कुठवर जाते? दहावीला गणितात मला ८७ मार्क होते. पण सायन्सचं प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची सोयीची गाडी निघून जायची, म्हणून आर्ट्स. माझं कॉलेज मी निवडलं नाही, अण्णांनीही निवडलं नाही. ते एसटीच्या वेळापत्रकानं निवडलं. कुणी वाईट नव्हतं, कुणी ओरडलं नाही. मुलीचं शिक्षण बहुतेक वेळा असंच, कुणी न ओरडता, छोटं होत जातं.

म्हणून त्या सतरा वर्षांच्या मुलीला मी पहिली गोष्ट सांगेन : कॉलेजची तयारी म्हणजे नवा ड्रेस आणि वह्या नव्हेत. पहिली तयारी कागदांची. तुझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव आहे, रेशनकार्डावर घरी हाक मारतात ते नाव आहे. आजच दोन्ही शेजारी ठेवून बघ. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला यांतला एकेक कागद मिळायला दिवस जातात, पडताळणीला तर महिने जातात. मुलाचे कागद बापाबरोबर तहसीलला जाऊन वेळेवर निघतात, मुलीच्या कागदांची आठवण प्रवेशाची मुदत संपताना होते.

इथे भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या, लातूर-बीडहून, बिहार-उत्तर प्रदेशहून आलेल्या कामगारांच्या मुलीही बसल्या आहेत. त्यांच्यासाठी हे आणखी अवघड. अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि खोलीमालक भाड्याची पावतीसुद्धा देत नाही. तुमच्या शाळेचे पहिलीपासूनचे दाखले हाच तुमचा पुरावा. ते जपून ठेवा. मुलगी इथल्या शाळेत शिकली हे शाळेच्या रजिस्टरइतकं ठामपणे दुसरं कुणी सांगत नाही.

कागदांवर मी एवढा वेळ का घालवते आहे? कारण आज पैशाची वाट कागदांतून जाते. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पूर्वी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या विमुक्तांच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती व फ्रीशिपच्या योजना वेगळ्या आहेत. पण नीट ऐका. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही यात येत नाहीत. आणि वसतिगृह, मेस, बसभाडं हे माफ होत नाही. रंगीत जाहिरात बघून प्रवेश घेतलात तर माफी हातची जाईल. म्हणून कॉलेज कुठलं याबरोबर प्रवेश कुठल्या वाटेनं, हेही विचारा.

दुसरी गोष्ट जमिनीची. आमच्या भागात मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न जमिनीपासून वेगळा काढता येत नाही. जमिनीचा मोबदला आला की घर बांधलं जातं, गाडी येते, भावाच्या प्रवेशाची सोय होते, आणि मुलीच्या वाट्याचे म्हणून लग्नाचे पैसे बाजूला ठेवतात. मग ती अठरा वर्षांची झाली की हक्कसोडपत्रावर सही. माझ्या आत्यानं साडीचोळीवर सही केली. तिला कुणी फसवलं असं तिला आजही वाटत नाही. माहेर तुटू नये म्हणून केली, असं ती सांगते.

मी बारावीत होते तेव्हा महाराष्ट्रातला कायदा बदलून दोन वर्षं झाली होती. १९९४ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हिस्सा दिला, फक्त आधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीनं विवाहित मुलींनाही तो हक्क मिळाला. २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं मिळतो, २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही. आमच्या वस्तीत १९९६ साली हे एकाही बाईला माहीत नव्हतं. त्या मुलीला मी सांगेन : भावाशी भांडायला हे सांगत नाही. 'तुझ्या शिक्षणावर एवढा खर्च कशाला' असं म्हणतील तेव्हा मान खाली घालू नकोस. तू उपकार मागत नाहीस, तुझ्या वाट्यातून शिकते आहेस. आणि ज्या कागदावर सही करायची तो आधी पूर्ण वाच, दोन दिवस घरी ठेव, मग ठरव.

पैसे कमी पडले तर शैक्षणिक कर्ज असतं. बँकांच्या नेहमीच्या योजनेत चार लाखांपर्यंत तारण किंवा त्रयस्थ जामीन मागत नाहीत. लग्नासाठी कर्ज काढायला आपल्याकडे कुणी घाबरत नाही. ते फेडतं कोण, तर बाप. शिक्षणाचं कर्ज मुलगी स्वतः फेडू शकते. यातलं कुठलं कर्ज धोक्याचं, ते आयांनी सांगावं.

तिसरी गोष्ट विषय निवडण्याची. आपल्या पट्ट्यातली एक हकीकत सगळ्यांना माहीत आहे. १९७४ साली बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी टेल्कोची नोकरीची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असं त्यात होतं. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्या टेल्कोतल्या पहिल्या स्त्री इंजिनिअर झाल्या. त्याच पुढे सुधा मूर्ती म्हणून ओळखल्या गेल्या. ही गोष्ट सांगताना पोस्टकार्डाचं कौतुक होतं. मला मात्र त्याच्या आधीचं दिसतं. पोस्टकार्ड लिहिण्याआधी त्यांच्या हातात हुबळीची इंजिनिअरिंगची पदवी होती. डॉक्टर वडिलांच्या घरातली मुलगी त्या वर्गापर्यंत पोचली होती. धैर्य तर हवंच, पण कुणाला जाब विचारायचा तर हातात काहीतरी असावं लागतं. आमच्या मुलींच्या हातात ते यावं एवढ्यासाठी सायन्स, डिप्लोमा, आयटीआय ही नावं घरात निघाली पाहिजेत. मोरवाडीला महापालिकेची आयटीआय आहे. वेल्डर, फिटर हे मुलांचे ट्रेड आणि शिवण मुलींचं, असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही.

चौथी गोष्ट कंपनीच्या गाडीची. बारावीची परीक्षा संपते आणि निकालाआधीच ठेकेदाराची बस चौकात उभी राहते. वायर हार्नेस, पॅकिंग, असेंब्ली. महिन्याला हातात रोख पैसे. 'आधी कमव, मग शिक' असं घरचे म्हणतात. मी स्वतः भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहिले आहे, बी.ए. बहिःस्थ पूर्ण केलं आहे, आज क्वालिटीच्या विभागात काम करते. कामाला मी नावं ठेवणार नाही. पण कंत्राटात काही महिन्यांनी ब्रेक येतो, मग दुसरा ठेकेदार, आणि प्रत्येक वेळी पगार पहिल्यापासून. शिफ्ट करून आलेल्या मुलीला घरी स्वयंपाकही असतोच. त्यात अभ्यासाचा तास कुठून काढायचा?

कमावून शिकणं आपल्याला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती याच तत्त्वावर वाढली. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तिथे काम शिक्षणासाठी होतं, शिक्षण कामासाठी थांबत नव्हतं. म्हणून त्या मुलीला मी सांगेन : काम जरूर कर, पण आधी प्रवेश घे. आणि पगार स्वतःच्या खात्यात जमा होऊ दे.

पाचवी गोष्ट वाटेची. गाडीत, स्टँडवर त्रास होतो. मुलगी घरी सांगत नाही, कारण त्रास देणाऱ्याची वाट बंद होत नाही, तिचं कॉलेज बंद होतं. त्या मुलीला मी सांगेन : एकटीनं सांगू नकोस. एका गावच्या चार मुली मिळून चार आयांना एकत्र सांगा. चार घरांचं तोंड एकदम बंद करणं अवघड असतं. कॉलेजात त्रास झाला तर आज कायदा आहे. १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ चा कायदा आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१५ साली नियम केले. कॉलेजात अंतर्गत समिती असलीच पाहिजे, विद्यार्थ्यांचा मामला असेल तर त्यात विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत. तक्रार तीन महिन्यांत करायची. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात समितीतल्या बाईंचं नाव विचारून घ्या. नाव विचारणाऱ्या मुली आहेत हे कळलं की समितीही जागी राहते.

शेवटची गोष्ट लग्नाची. बारावीच्या सुट्टीत पाहुणे 'सहज' येतात. अठरा वर्षं ही काही लग्नाची तारीख नाही, ती कायद्यानं घातलेली किमान मर्यादा आहे. अठरा पूर्ण झाल्यावरही नाही म्हणता येतं. 'पदवी झाल्यावर बोलू' एवढं एक वाक्य मुलीनं पाठ करावं, आणि ते पाहुण्यांसमोर आईनं म्हणावं. आई म्हणाली तर त्याला वजन येतं.

आता संघटनेच्या मैत्रिणींसाठी. मी आज जे बोलले त्यातलं बरंचसं एकट्या मुलीच्या आवाक्यातलं नाही. तिला धीर द्या म्हणणं सोपं आहे, पण तहसीलला दोन हेलपाटे घालायला तिच्याबरोबर कोण जाणार? म्हणून माझी सूचना अशी. दरवर्षी अकरावी संपताना, म्हणजे बारावीच्या एक वर्ष आधी, प्रत्येक वस्तीत कागदांचं शिबिर घ्यावं. मुलीनं सगळे दाखले घेऊन यावं, नावं तपासावीत, नसलेल्या कागदाचा अर्ज तिथेच भरावा. दुसरं, गावातून कॉलेजच्या वेळेला गाडी आहे का, परतीची शेवटची गाडी कधी, याची यादी करून आगाराकडे आणि पीएमपीएमएलकडे बायकांच्या सह्यांचं निवेदन द्यावं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं. पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं?

आणि मुलींनो, फॉर्म आपल्या हातानं भरा. भाऊ, मामा, सायबर कॅफेवाला कुणीही मदतीला बसू द्या, पण पसंतीक्रमाच्या पहिल्या रकान्यात काय जाणार, ते तुम्ही सांगा. आज इथून उठायच्या आत ज्यांचा जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला निघालेला नाही त्यांनी दाराजवळच्या वहीत नावं लिहा. सोमवारी आपण सगळ्या मिळून तहसीलला जाऊ.