मुलाखतीला जाणाऱ्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला आज संगणक कंपन्यांतील मुलाखतींविषयी बोलावयाचे आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विषय ऐकून काहीजणींना हसू येईल. पण आपल्या धाराशिवात इंजिनिअरिंगचे कॉलेज आहे. आपल्या घरांतल्या मुली शिकतात आणि पुण्याला हिंजवडीस मुलाखतीला जातात. त्यांचा डबा भरून देणाऱ्या आपणच. मग तेथे काय विचारतात, हे आपल्याला ठाऊक नको का?

माझ्या पुतणीला पहिल्या मुलाखतीत प्रश्न आला : हजार नावांच्या यादीतून एक नाव लवकर कसे शोधाल? तिला उत्तर येत होते. यादी अकारविल्हे असेल तर मधले नाव पाहावयाचे. आपले नाव त्याच्या अलीकडे की पलीकडे हे कळले की अर्धी यादी सुटली. असे निम्मे निम्मे करीत गेले म्हणजे फार तर १० वेळा पाहून नाव सापडते. पण यादी क्रमाने लावलेली आहे की नाही, हे परीक्षकांनी सांगितलेच नव्हते. तिने ते विचारावे, हीच त्यांची अपेक्षा होती. ती मात्र मुकाट्याने लिहीत बसली. निवड झाली नाही. घरी येऊन म्हणाली, "काकू, सायबाला उलटं कसं विचारायचं?"

भगिनींनो, खरी अडचण येथे आहे. अशा मुलाखतीत नुसते उत्तर पाहत नाहीत. मुलगी विचार कसा करते, हे तिच्या तोंडून ऐकावयाचे असते. आणि आपल्याकडे तर मोठ्यांपुढे बोलू नये, हेच मुलींना लहानपणापासून शिकवतात!

एखादे उत्तर चुकले म्हणून सर्व संपत नाही. हैदराबादेत जन्मलेले सत्या नडेला यांना मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मुलाखतीत विचारले होते, "रस्त्यात लहान मूल पडून रडते आहे, काय कराल?" त्यांनी सांगितले, मदतीसाठी फोन करीन. परीक्षक म्हणाले, अहो, आधी मुलाला उचलून घ्या! ही हकिकत नडेला यांनीच २०१७ साली आपल्या पुस्तकात लिहिली आहे. तरी १९९२ मध्ये त्यांना नोकरी मिळाली आणि २०१४ मध्ये ते त्या कंपनीचे प्रमुख झाले. आपल्यापैकी कोणत्याही आईने त्या प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले असते, नाही का?

तेव्हा माझ्या तीन विनंत्या आहेत. हल्ली पुष्कळ मुलाखती घरबसल्या संगणकावर होतात. तेवढा तासभर मिक्सर बंद ठेवा, पाहुण्यांच्या चहासाठी मुलीला हाक मारू नका. दुसरे, निवड झाली नाही तर गल्लीत चर्चा नको, आणि लगेच स्थळे पाहण्याची घाईही नको. माझ्या पुतणीची निवड तिसऱ्या खेपेस झाली. मधल्या काळात ती रोज रात्री भाकरी करता करता मला एकेक गणित मराठीत समजावून सांगत असे. मला कळले नाही की मी विचारी, आणि तिला पुन्हा सांगावे लागे.

तिसरी विनंती मंडळाला. दर शनिवारी दुपारी एका मुलीला येथे उभे करावे. तिने आपला विषय सांगावा, आपण प्रश्न विचारावे, तिनेही आपल्याला उलट विचारावे. सतरंजी आणि चहा मंडळाकडे आहेच. येत्या शनिवारी कोण आपल्या मुलीला घेऊन येते, ते आजच चिटणीसबाईंकडे सांगून जावे.