मेणात मुरलेले रंग

मुंबईचे एके काळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव धारण करणारे रे रोड स्टेशन १९१० साली सुरू झाले. त्याच्या पूर्वेस असलेला दारूखाना जहाजांच्या डागडुजीसाठी व मोडतोडीसाठी प्रसिद्धीस आला. खाऱ्या वाऱ्यापुढे जहाजाची अंगे टिकवावयाची तर त्यांवर रंगाचे हात चढवावे लागतात, हे तेथील कारागिरास निराळे सांगावे लागत नाही. प्राचीन रोमन लोकांपुढेही हाच प्रश्न होता. इ. स. ७९ मध्ये निधन पावलेला लेखक प्लिनी नमूद करतो की, अग्नीवर वितळविलेल्या मेणाच्या रंगाने जहाजे रंगवीत आणि ऊन, खार व वारा यांस तो रंग दाद देत नसे.

त्याच मेणाने चित्रेही काढीत. या पद्धतीच्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी 'आत भाजून जिरविलेले' असा आहे. मधमाशांचे मेण सुमारे ६३ अंश सेंटिग्रेडला वितळते. त्यात रंगाची पूड व थोडी राळ कालवून ते ऊन असतानाच लाकडी फळीवर लावतात. मेण पाहता पाहता गोठते. मग त्यावर दुसरा हात, पुढे तिसरा. आणि प्रत्येक वेळी वरून धग देऊन नवा थर खालच्या थराशी एकजीव करावयाचा. धग कमी पडली तर थर सुटे राहतात. अधिक झाली तर खालची रेषा वाहून जाते. चित्रकाराच्या कसबाची खरी परीक्षा येथेच होते.

ही मेहनत वाया मात्र जात नाही. मेण अर्धपारदर्शक असल्याने उजेड पृष्ठभागावरच न अडता आत शिरतो व खालच्या रंगांना स्पर्श करून परततो. इजिप्तमधील फायूम प्रांतात पहिल्या ते तिसऱ्या शतकांत मृतांच्या ममींवर बसविलेल्या कित्येक मेणचित्रांतील चेहरे आजही सजीव भासतात, त्याचे एक कारण हेच होय. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स याने १९५४-५५ मध्ये काढलेल्या निशाणाच्या चित्रात तर मेणाखालील वर्तमानपत्राचे तुकडेही डोकावतात.

सामान्य रंगकामात नव्या हाताखाली जुना बुजून जातो. मेणचित्रात मात्र खालचा थर वरच्याला आपला रंग देत राहतो; म्हणून असे चित्र घाईने पाहू नये, जरा थांबून, निरनिराळ्या उजेडात पाहावे.