दिल्लीचा वसंत आणि घरामागची बाग
(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मराठी पंचांगात चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. दिल्लीतील मराठी घरांत हे पंचांग भिंतीवर असतेच. पण येथील वसंत त्याची वाट पाहत नाही. माघात, वसंतपंचमीच्या सुमारास आंबा मोहरू लागतो. फाल्गुनात काटेसावर एकाही पानावाचून लाल फुलांनी भरून जाते. आणि वैशाखात, पुस्तकातील वसंत ऐन भरात असताना, येथे लू वाहू लागलेली असते.

महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या माणसाला आणखी एका गोष्टीचे नवल वाटते. येथे पानगळ होते ती वसंतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ, पिलखन आणि कडुनिंब जुनी पाने टाकतात आणि थोड्याच दिवसांत त्याच फांद्यांवर कोवळी, तांबूस पालवी फुटते. गुढीसाठी निंबाची डहाळी शोधणाऱ्या गृहिणीला हे वेळापत्रक पाठ असते. पाडवा मार्चमध्ये आला तर झाड निम्मे उघडे असते. एप्रिलमध्ये आला तर पालवीने लवलवलेले असते. २०२३ साली पाडवा २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला. सण तोच, झाड तेच. हाती येणारी डहाळी मात्र वेगळी.

हा ऋतू लहरी का, याचे कारण फार दूरचे आहे. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणारे हवेचे क्षोभ हिवाळ्यात हिमालयावर बर्फ आणि मैदानात पाऊस आणतात. हवामानशास्त्रात त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन तापू लागलेली असते. अशा वेळी हे क्षोभ आले आणि त्यांना समुद्रावरील दमट वारे मिळाले, की गडगडाट, वादळ आणि गारा ठरलेल्या. ते आलेच नाहीत, तर थंडीतून थेट उन्हाळा. अलीकडच्या वर्षांनी या दोन्ही टोकांचे दर्शन घडविले. २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. २०२३ चा फेब्रुवारीही तसाच विक्रमी तापला आणि पाठोपाठच्या मार्चमध्ये उत्तर भारतात अनेक ठिकाणी पावसाने व गारांनी उभा गहू आडवा केला.

शेतकऱ्याची हानी मोठी, घरामागच्या बागेची लहान. पण कारण एकच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलेली फ्लॉक्स, पॅन्झी, नॅस्टर्शियम, स्वीट पी ही फुले मार्च सौम्य असेल तर होळीनंतरही टिकतात. ऊन चढले तर ऐन बहरात करपतात. ढगाळ, दमट हवेत आंब्याच्या मोहोरावर भुरी धरते, पावसात परागीभवन करणाऱ्या माश्या फिरकत नाहीत आणि मोहोर गळून जातो. जांभळ्या सूर्यपक्ष्याची मादी वेलीच्या टोकाला लोंबते घरटे विणते. एका वादळात ते तुटून पडू शकते.

तरीही याच ऋतूत बागेत बसण्यासारखे सुख नाही. सकाळी तांबटाची टुकटुक सुरू असते, कोकिळाला कंठ फुटलेला असतो, पाऊस पडून गेलेल्या मातीला वास असतो. अनुभवी माळी हवेशी भांडत नाही, तिच्याप्रमाणे वागतो. आभाळ भरलेले असेल तर तो पाणी देत नाही. गळलेली पाने जाळण्यास दिल्लीत बंदी आहेच. ती तो रोपांच्या बुंध्याशी पसरतो, म्हणजे ओल टिकते आणि मुळे तापत नाहीत. गारांची चिन्हे दिसताच कुंड्या छज्जाखाली सरकवतो आणि पाखरांसाठी उथळ पसरट भांड्यात पाणी ठेवतो. ज्यांच्याकडे परसदार नाही, त्यांना हे सारे सदनिकेच्या गच्चीत चार कुंड्यांवरही साधते.

मराठी शाळेच्या दृष्टीने या बागेचे मोल आणखी एका कारणाने आहे. मोहोर, पालवी, डहाळी, भुरी, ओल, बुंधा हे शब्द शब्दकोशात सुरक्षित आहेत. पण मुलाच्या तोंडी ते येतात वस्तू हाती आल्यावरच. आंधी येऊन गेल्यावर पडलेल्या बाळकैऱ्या वेचणाऱ्या मुलीला ‘कैरी’ आणि ‘पन्हे’ यांचा अर्थ सांगावा लागत नाही. मराठी मुलखापासून दूर वाढणाऱ्या मुलांची भाषा घरात जेवढी टिकते, तेवढीच अंगणातही टिकते. हवेच्या भीतीने मुलाला सतत आत ठेवले, तर त्याचा ऋतू जातो आणि त्या ऋतूचे शब्दही जातात.

या हीरक महोत्सवी वर्षात म्हणून एक साधे काम सुचवावेसे वाटते. भारतात ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम आहे. त्यात शाळकरी मुले व नागरिक एक झाड निवडून त्याची पालवी, फुले आणि फळे आठवड्यागणिक नोंदवितात. शाळेतील प्रत्येक घराने असेच एक झाड निवडावे आणि वहीत तीन रकाने आखावेत: तारीख, झाडाची अवस्था, हवा. वही मराठीत लिहावी. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या बालपणीच्या आठवणी तिच्या पहिल्या पानावर नोंदवाव्यात: निंबाला पालवी केव्हा फुटत असे, पहिली कैरी केव्हा हाती येत असे.

पुढची गुढी उभारताना निंबाची डहाळी तोडणाऱ्या मुलाला त्या दिवशीची नोंदही करू द्यावी. डहाळी त्या वर्षी उघडी असेल वा पालवलेली असेल. जशी असेल तशी ती वहीत उतरावी.