शहरी आगगाडीचें दार

नगर-पुणें रस्त्यानें पुण्यांत शिरतांना रामवाडीपाशीं खांबांवरून धांवणारी गाडी दृष्टीस पडते. वनाझकडून येणारा हा मेट्रोचा मार्ग ६ मार्च २०२४ रोजीं येथवर खुला झाला. नगर जिल्ह्याला आगगाडी नवीन नव्हे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालींच नगरावरून गेला. परंतु ती गांवाला गांव जोडणारी गाडी. मनुष्याला सकाळीं कामावर व सायंकाळीं घरीं पोंचविणारी गाडी निराळ्या जातीची असते, आणि तिचा स्वभाव ओळखावयाचा तर तिचें दार पाहावें.

माळशेज घाट उतरून कल्याणला आलेला पारनेरचा मनुष्य लोकलमध्यें चढतो, तेव्हां त्याला दार उघडेंच सांपडतें. मुंबईहून पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास गेली. विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस व कुर्लें यांमध्यें सुरू झाली. तिच्या दोन्ही टोकांस चालकाची जागा असल्यामुळें शेवटच्या स्थानकावर एंजिन सोडून फिरविण्याची खटपट उरली नाहीं व एकीमागून एक गाड्या सोडणें शक्य झालें. गाड्या वाढल्या, तशी त्यांच्या मागोमाग वस्तीही पसरली. गर्दी मात्र सदैव गाड्यांच्या पुढेंच राहिली. थांबा अर्ध्या मिनिटाचा, आंत श्वास घेण्यापुरता वारा नाहीं, म्हणून दार उघडें. त्याच दारांत लोंबकळणारे प्रवासी ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्यापाशीं खालीं पडले व त्यांतील कांहींचे प्राण गेले.

दार लावून घ्या, असें म्हणणें सोपें आहे. बंद डब्याला हवा पुरवावी लागते. वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजीं पश्चिम मार्गावर धांवूं लागली. पण तिचें भाडें ज्याला झेपत नाहीं, त्याच्यापुरतें तें दार दोन्ही अर्थांनीं बंद.

मेट्रोचें दार लागल्याखेरीज गाडी हलतच नाहीं. तिचे रूळ स्वतंत्र. त्यांवर मालगाडी नाहीं कीं मेल नाहीं, म्हणून थोड्या थोड्या मिनिटांनीं गाडी सोडतां येते. भारतांत अशी पहिली गाडी कलकत्त्यास २४ ऑक्टोबर १९८४ रोजीं एस्प्लनेडहून भवानीपूरला गेली. त्या भुयारासाठीं भर वस्तींतले रस्ते उघडे खणले होते, आणि शहरानें तें वर्षानुवर्षें सोसलें. मुंबईंत भुयारी गाडी यावयास मात्र ऑक्टोबर २०२४ उजाडला. पुढच्या वर्षीं ती आरेपासून कफ परेडपर्यंत पोंचली. साडेतेहतीस किलोमीटरचा हा मार्ग मिठी नदीच्याही खालून जातो. इतका उशीर कां? लोकलनें मुकाट्यानें भार वाहिला, हेंही त्याचें एक कारण असावें. जो बैल ओढतो त्याच्याच मानेवर जूं चढतें.

रामवाडीपासून वाघोलीकडे मार्ग वाढविण्यास केंद्र सरकारनें जून २०२५ मध्यें मंजुरी दिली आहे. नगरहून पुण्याच्या इस्पितळांत माणूस घेऊन येणाऱ्यांना वाघोलीची कोंडी चांगलीच ठाऊक आहे. नव्या स्थानकांच्या जिन्यापाशींच एस्. टी.चा थांबा व वर छप्पर आतांच नकाशांत आंखून ठेवलें, तर आजाऱ्याला हाताशीं धरून रस्ता ओलांडण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाहीं.